टँकरचा माग



मुंबईच्या घरांत सकाळीं नळाला पाणी येतें, तेव्हां त्या पाण्याचें माहेर कोठें, हें आपण क्वचितच मनांत आणतों. १८९२ सालीं पुरें झालेलें तानसा धरण आणि पुढें बांधलेलें भातसा, हीं दोन्हीं ठाणें जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांत आहेत. परंतु उन्हाळा आला कीं, याच शहापुरांतील व शेजारच्या मुरबाडांतील कित्येक पाडे टँकरची वाट पाहत बसतात.

हे टँकर बहुधा खाजगी कंत्राटदाराचे असतात. भाडें सरकारी तिजोरींतून जातें. वहींत तीन फेऱ्या लिहिल्या, पण त्या खरोखरीच झाल्या काय? या शंकेवर उपाय म्हणून राज्य सरकारनें टँकरवर जीपीएस यंत्र आवश्यक केलें आणि फेऱ्यांचा हिशोब त्याच्या नोंदींशीं ताडून पाहण्याची रीत घातली.

यंत्राची करणी अशी. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत वेळेचे संकेत पाठवितात. निदान चार उपग्रहांचे संकेत पोंचावयास किती काळ लागला, यावरून यंत्र आपलें ठिकाण काढतें आणि मोबाइलच्या जाळ्यांतून कचेरीस कळवितें. कसाऱ्याच्या किंवा माळशेजच्या डोंगरांत जाळें नसलें, तर चांगलें यंत्र नोंदी सांठवून ठेवितें व मागाहून पाठवितें. म्हणून नकाशावर खंड दिसतांच लबाडी झाली, असें समजूं नये. चालकावर तो अन्याय होईल.

तथापि हें यंत्र चाकांचा माग सांगतें, पाण्याचा नव्हे. टँकर पाड्यावर थांबला हें तें दाखवितें. टाकी भरलेली होती कीं अर्धी, हें त्यास ठाऊक नसतें. यास्तव नोंदवहींतील सहीचें महत्त्व कमी होत नाहीं, आणि ती सही हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईची असावी. नकाशाही तहसील कचेरींत न राहतां ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा. ज्याचें पाणी, त्याला हिशोब वाचतां आला पाहिजे.

या नोंदींचा आणखी एक उपयोग आहे. वर्षानुवर्षें टँकर ज्या वाटेनें त्याच पाड्यावर जातो, त्या वाटेनें नळ आधीं गेला पाहिजे, हें त्या नकाशावरूनच सिद्ध होतें. टँकरचा माग ठेवावयाचा तो अखेर टँकरची गरजच उरूं नये म्हणून.