विकायला येतात, दुरुस्तीला येत नाहीत



अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याच्या बाजारात आज हवा तो साउंडबार मिळतो, होम थिएटर मिळतं. धारणी, चिखलदऱ्यापासूनची माणसं इथे खरेदीला उतरतात. दिवाळीच्या आठवड्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांपुढे उभं राहायला जागा नसते. दुकानात नसलेली वस्तू फोनवरून मागवली, तर कुरियरवाला ती दारात आणून देतो. मला आज बोलायचं आहे ते त्यानंतरचं. वर्षभराची वॉरंटी असलेला हा संच सात-आठ महिन्यांत मुका झाला, तर परतवाड्याच्या माणसानं काय करायचं?

आमच्या घरी हे घडलं. घरात सकाळी खंजिरीवरची भजनं लागतात, संध्याकाळी बातम्या. वडिलांना कमी ऐकू येतं, म्हणून मुद्दाम साउंडबार आणि त्यासोबतचा सबवूफर घेतला. पावसाळा सुरू झाला आणि सबवूफरमधून सतत घुमण्याचा आवाज येऊ लागला. मग एक बाजू बंद, आणि काही दिवसांनी सगळंच बंद. बिल होतं, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का होता. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. पिनकोड विचारला, मी ४४४८०५ सांगितला. उत्तर आलं, की या पिनकोडवर घरपोच सेवा नाही, संच अमरावतीच्या केंद्रात घेऊन या.

याच पिनकोडवर हीच कंपनी माल पाठवते. विकताना तिला परतवाडा सापडतो. दुकानदारही काही वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "भाऊ, आमी फक्त इकतो. माणूस कंपनीचा. तुमी अमरावतीलेच घेऊन जा." त्याच्या हातात खरंच काही नव्हतं, हे मला पटतं. पण पैसे घेतले ते याच गल्ल्यात, आणि जबाबदारी मात्र पन्नासेक किलोमीटरवर.

आसेगाव, वलगाव करत अमरावतीला जाणाऱ्या एसटीत सबवूफरचं खोकं मांडीवर घेऊन बसणं मला जमलं. हरिसाल किंवा धारणीच्या माणसाचा विचार करा. तो आधी सेमाडोह, घटांगचा घाट उतरून परतवाड्याला येणार, मग पुढे अमरावती. त्याची रोजी बुडते, जाण्या-येण्याचं भाडं जातं, आणि संच ठेवून घेतला तर तो आणायला पुन्हा हाच प्रवास. वॉरंटी फुकट मिळत नाही. तिची किंमत आपण वस्तूच्या दामातच मोजलेली असते. मग तो खर्च दुसऱ्यांदा ग्राहकानं का करायचा?

केंद्रात संच ठेवून घेतला. पार्ट नागपूरहून येईल म्हणाले. परत मिळाला तेव्हा आवाज होता, घरी लावल्यावर थोड्याच दिवसांत तीच घरघर. पुन्हा नेला, तेव्हा काउंटरवर सांगण्यात आलं, की बोर्ड व्होल्टेजमुळे जळाला आहे, हे वॉरंटीत बसत नाही.

इथे मी जरा थांबतो, कारण हे एक उत्तर आपल्या भागात फार जणांना मिळतं. आपल्याकडे विजेचा दाब कमी-जास्त होतो, हे खरं आहे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, कूलर आणि पंप एकदम चालतात, दिवे मंद होतात. पण संच उलटा करून त्याच्या पाठीवरची पट्टी वाचा. आजच्या बहुतेक संचांवर छापलेलं असतं, की तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो. आतला वीजपुरवठ्याचा बोर्ड तशाच पद्धतीनं बनवलेला असतो. म्हणजे दाब १८० वर उतरला तरी संचानं चालायला हवं, हे कंपनीनंच लिहून दिलं आहे. कमी दाबाचं कारण तिथेच गळून पडतं. राहिला प्रश्न जास्त दाबाचा. तो झाला असेल, तर वीजपुरवठ्याच्या भागावर खूण दिसते: फ्यूज उडतो, दाब रोखणारा छोटा घटक फुटतो किंवा काळवंडतो. मी म्हटलं, ती खूण मला दाखवा आणि नकार जॉबशीटवर लिहून द्या. ती दाखवली गेली नाही, आणि लिहूनही मिळालं नाही.

तोंडी नकाराला काही मोल नसतं. वर्दी घेणारा माणूस बदलतो, फोनवरचा आवाज बदलतो, आणि आपली तक्रार पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की केंद्रात वस्तू देताना जॉबशीटची प्रत घ्या. तिच्यावर तारीख, दोष आणि अनुक्रमांक लिहिलेला आहे का, ते पाहा. वस्तू परत घेताना काय बदललं तेही लिहून मागा. खोकं फेकू नका. मालाच्या वेष्टनावर ग्राहक तक्रारीसाठी संपर्काचं नाव, पत्ता, फोन आणि ई-मेल छापणं २०११च्या वेष्टनविषयक नियमांनी बंधनकारक आहे. फोनवरून मागवलेल्या वस्तूसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. विक्री करणाऱ्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते.

आणि एवढ्यानंही भागलं नाही तर? १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार सामान्यतः समोरचा पक्ष जिथे असेल किंवा वाद जिथे उद्भवला तिथे करावी लागे. २०१९चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि ग्राहक स्वतः जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे जायची सोय झाली. कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असो की बंगळूरला, परतवाड्याच्या ग्राहकाची तक्रार अमरावतीच्या आयोगात चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लागतोच असं नाही. तक्रार ऑनलाइन भरता येते, सुनावणी व्हिडिओवरून मागता येते. दोन वर्षांच्या आत जायला हवं, एवढं लक्षात असू द्या. दोष आहे की नाही, यावरच वाद असेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. त्याआधीची पायरी म्हणजे १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. तिथे मराठीतून बोलता येतं. मीही तिथेच तक्रार नोंदवली. कंपनीकडून फोन आला, संच पुन्हा तपासतो म्हणाले. आधी मात्र कोणी ऐकायलाच तयार नव्हतं.

हे हक्क आपोआप आले नाहीत. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं, तेव्हा ग्राहकाच्या बाजूनं असा कायदाच नव्हता. महाराष्ट्रानं ही चळवळ आधी चालवली, कायदा नंतर आला.

दुसरी एक गोष्ट मला जास्त सलते. आपल्या गावात हातात कसब असलेले कारागीर आहेत. ४४४० नंबरच्या आयसीवर ॲम्प्लिफायर बांधून ज्यांनी भजनी मंडळांना, लग्नाच्या मांडवांना आवाज दिला, टेपरेकॉर्डरचे पट्टे बदलले, हेड साफ केले, ती ही माणसं. पूर्वी कित्येक रेडिओंच्या मागच्या झाकणाच्या आत सर्किटचा नकाशाच चिकटवलेला असे. संच बिघडणार आणि कोणीतरी तो उघडणार, हे बनवणाऱ्यानं गृहीत धरलेलं असे. आज नकाशा मिळत नाही, सुटा बोर्ड विकत मिळत नाही, आणि स्क्रूवरचा कागद फाटला की वॉरंटी संपली म्हणतात. आमच्याकडचे एक जुने मेकॅनिक म्हणाले, "मले पाच मिन्टात दोष दाखवता येते, पन पार्ट देतो कोन?" त्यांच्या या प्रश्नाचं उत्तर कंपनीकडे असायला हवं.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून टीव्ही, लॅपटॉप, मोबाइल अशा काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी आहे याचे गुण छापणं बंधनकारक झालं, आणि सुटे भाग मिळतात की नाही हे त्यात मोजलं गेलं. आपल्या केंद्र सरकारनं २४ डिसेंबर २०२२ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं आणि शेतीची यंत्रं असे चार विभाग त्यात आहेत. चांगलं पाऊल आहे. पण माहिती पोर्टलवर टाकणं कंपनीच्या मर्जीवर राहिलं, तर परतवाड्याच्या मेकॅनिकपर्यंत बोर्ड पोचणार नाही. त्याला रीतसर पार्ट विकत मिळाला पाहिजे, आणि त्यानं केलेली दुरुस्ती वॉरंटीत धरली पाहिजे. तालुक्याच्या गावात सेवा केंद्र परवडत नाही असं कंपन्या म्हणतात, ते मी समजू शकतो. मग इथल्याच कारागिराला अधिकृत करा, त्याला शिकवा, त्याची मजुरी द्या. तो रोज दुकानात बसलेलाच आहे.

येत्या दिवाळीत दुकानात गेलात, तर किंमत पाडून मागण्याआधी एक प्रश्न विचारा: बिघडल्यावर इथे, परतवाड्यात, कोण बघणार? त्या माणसाचं नाव आणि फोन बिलावरच लिहून मागा. दुकानदार लिहून देत नसेल, तर शेजारच्या दुकानात हाच प्रश्न विचारा.