घोडामैदान जवळ आले की...

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘घोडामैदान जवळच आहे’ असे आपण सहज म्हणतो. परीक्षा असो की निवडणूक, ही म्हण ठरलेलीच. पण घोडाही खरा आणि मैदानही खरे, अशी काही मुले मी बेसा परिसरात पाहत असतो. नागपूरच्या या दक्षिण टोकाला शेते जाऊन ले-आउट पडले, इमारती उठल्या, तरी अधेमधे मोकळी जागा शिल्लक आहे. तिथे उन्हाचा चटका लागायच्या आत ही मुले घोड्यावर बसतात. सरावात ८० सेंटिमीटरचा अडथळा हसतखेळत पार करतात. आणि स्पर्धेच्या सकाळी त्याच मुलांच्या घशाखाली पोह्यांचा घास उतरत नाही. या भीतीबद्दल आज बोलायचे आहे.

इतर खेळांत खेळाडू घाबरला तर तो एकटाच घाबरतो. इथे भीतीला दोन काळजे असतात. स्वीडनमध्ये झालेला एक साधा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. माणसांनी घोडा घेऊन, कुणी स्वार होऊन तर कुणी लगाम धरून, ठरावीक अंतर चार वेळा पार करायचे होते. चौथ्या खेपेआधी त्यांना सांगितले, ‘या वेळी वाटेत घोड्यासमोर छत्री उघडणार आहोत.’ प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरीही माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्याच्याबरोबर घोड्याचेही. घोड्याला छत्रीचे कुणीच काही सांगितले नव्हते! त्याला कळली ती फक्त माणसाची धास्ती.

ती कशी कळते, हे मैदानाच्या कडेला उभे राहिले की दिसते. स्वार श्वास रोखतो. गुडघे जिनाला आवळतात, टाच वर येते, खांदे पुढे झुकतात आणि हात लगाम घट्ट धरतात. घोड्याच्या तोंडाला ओढ बसते, तो मान वर टाकतो, त्याची ढांग आखूड होते. अडथळ्याशी पोचेपर्यंत उडीसाठी लागणारा जोरच उरत नाही आणि तो अडतो. बघणारे म्हणतात, ‘घोडा हट्टी आहे.’ माझ्या मते दहातल्या बहुतेक वेळा घोडा आज्ञाधारकच असतो. हातांनी ‘थांब’ म्हटले, तो थांबला.

म्हणूनच ‘घाबरू नकोस’ हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. भीती हुकमाने जात नाही. हातपाय मात्र हुकमात आणता येतात. मुलांना मी सांगतो, तोंडाने मोठ्याने मोज. ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणायचे तर श्वास सोडावाच लागतो आणि श्वास सुटला की खांदे आपोआप उतरतात. शिवाय कॅन्टरचा ठेका मोजणीत बसतो. कुणी गाणे गुणगुणतो, तेही चालेल. घोड्याच्या गळ्यात एक साधा पट्टा बांधावा. उडीच्या वेळी बोटे त्यात अडकवली की लगामाला हिसका बसत नाही. आणि नजर! पुढ्यातल्या खांबाकडे खाली पाहणारा स्वार देहानेही खालीच जातो. नजर पुढच्या अडथळ्यावर हवी.

स्पर्धेआधी मार्ग पायी चालून पाहायची मुभा असते. ही माझी सर्वांत आवडती वेळ, कारण इथे भीतीला काम देता येते. आपले पाऊल तीन फुटांचे धरले तर चार पावलांत मोठ्या घोड्याची एक ढांग होते. दोन अडथळ्यांत चोवीस पावले भरली तर सहा ढांगा, त्यातली एक उतरण्या-उठण्यात जाते, उरल्या पाच. लहान तट्टूंना हिशेब वेगळा लावावा लागतो. पण मनात आकडे फिरू लागले की ‘पडलो तर?’ या प्रश्नाला जागा कमी पडते. घंटा झाल्यावरही सुरुवातीची रेषा ओलांडायला सामान्यतः ४५ सेकंद मिळतात. घंटा ऐकताच घोडा पिटाळणारी मुले ही शिदोरी उधळून टाकतात. एक शांत फेरा मारावा, घोड्याच्या मानेवर थाप द्यावी, मग निघावे.

थोरामोठ्यांनाही हे मैदान सोपे नसते. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकले. त्यानंतर वैयक्तिक पदकासाठी भारताला ३६ वर्षे थांबावे लागले. २०१८मध्ये जाकार्ता इथे बंगळुरूचा फवाद मिर्झा शेवटच्या जम्पिंगआधी २२.४० दंडगुणांवर आघाडीवर होता. या खेळात कमी गुणांचा जिंकतो आणि एक खांब पडला की चार दंडगुण. शेवटच्या फेरीत ते चार पडले, बेरीज २६.४० झाली, आणि जपानचा योशिआकी ओइवा २२.७०वर सुवर्ण घेऊन गेला. त्यातही या फेरीत आघाडीवरचा स्वार सर्वांत शेवटी उतरतो, म्हणजे ताटकळणेही त्याच्याच वाट्याला. फवादच्या मनात तेव्हा काय होते, ते तोच जाणे. पण रौप्य घेऊन तो थांबला नाही. त्याच घोड्यावर, २०२१मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून तो तेविसावा आला.

आता कुंपणाबाहेरच्या मंडळींविषयी. आईवडील हौसेने येतात, डबा आणतात, आणि मग ‘अगं टाच मार, टाच मार!’ असा गलका करतात. मुलीला ओरडा कळतो, घोड्यालाही कळतो. बाबांनो, पाण्याची बाटली द्या आणि गप्प बसा.

आणखी एक गोष्ट. सगळीच भीती मोडून काढायची नसते. मागच्या एका स्पर्धेच्या सकाळी चौदा वर्षांची एक मुलगी येऊन म्हणाली, ‘सर, आज नको वाटतंय.’ नेहमीची धडधड असेल तर ती गरम होण्याच्या फेऱ्यांत ओसरते. म्हणून दोन लहान उड्या मारून पाहायला सांगितले. ती परत आली आणि म्हणाली, ‘डावीकडे वळताना तो पाय चोरतोय.’ घोडा चालवून पाहिला. पुढच्या डाव्या पायात किंचित लंगड होती, मलाही दुसऱ्या फेरीतच दिसली. आम्ही नाव मागे घेतले. तिच्या वडिलांनी प्रवेश फी, रजा, पहाटेचा प्रवास असा सगळा हिशेब मांडला. ती तोवर तंग सैल करून, खोगीर उतरवून, घोड्याच्या पायावर गार पाणी सोडत बसली होती.