कॅसिनो आणि कुटुंबाची सहल

मुलाबाळांसह आपण सुट्टीला जातो, त्या गावात कॅसिनो हवा का? माझं उत्तर आहे, नको. पणजीला मांडवी नदीत कॅसिनोची जहाजं उभी असतात. प्रवेशाच्या तिकिटातच अनेकदा जेवण आणि पेयंही येतात. आत गेलेला पाहुणा मग रात्रभर आतच रमतो. अशा वेळी किनाऱ्यावरच्या खानावळीत जेवणार कोण? शिवाय २१ वर्षांखालच्यांना जुगाराच्या दालनात प्रवेश नाही. म्हणजे कुटुंबाची सहल दारातच मोडते.

कुणी म्हणेल, कर मिळतो, रोजगार मिळतो. खरं आहे. पण कर जातो सरकारी तिजोरीत, आणि हरलेल्या पैशाची झळ बसते घराला. ही झळ सरकारलाही ठाऊक आहे. म्हणूनच २०२० मध्ये गोवा सरकारनं गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. आपल्या माणसांना जे नको, ते पाहुण्यांना चांगलं कसं? महाराष्ट्रानं १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, पण तो कधीच लागू केला नाही. २०२३ मध्ये तो रद्दच केला. हे योग्यच झालं. कॅसिनो नसला, तरी महाबळेश्वरला घोडेवाला, स्ट्रॉबेरीवाला, कणसं भाजणारी बाई, सगळ्यांच्या हाती पर्यटकाचा पैसा पडतो. कुटुंबांच्या गावात कॅसिनो नकोच. तुमच्याकडे असा प्रस्ताव आला, तर लोकप्रतिनिधींना जरूर विचारा : पैसा नेमका कुणाच्या हाती पडणार?