कृष्णाकाठी आपले स्वागत



परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने वाईत आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. रास्त्यांचे घाट आणि ढोल्या गणपती आपण पाहालच. मला मात्र आधी नाव घ्यायचे आहे ते नारायणशास्त्री मराठे यांचे, म्हणजे संन्यासानंतरच्या केवलानंद सरस्वतींचे. प्राज्ञपाठशाळा त्यांनी उभी केली. विनोबा इथे शिकून गेले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथेच घडले, आणि तर्कतीर्थांमुळे मराठी विश्वकोश वाईत आला. शिष्यांची नावे महाराष्ट्राच्या तोंडी आहेत; गुरूंचे नाव आता वाईतही क्वचित निघते, याची मला मनापासून खंत वाटते. सात खंडांचा मीमांसाकोश ही त्यांच्या व्यासंगाची कमाई. 1955 साली ते गेले, शेवटचे खंड त्यांच्या पश्चात निघाले.

मीमांसेची रीत अशी, की आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधी बाजू, पूर्ण ताकदीने मांडायचा, मग सिद्धान्त. आपल्या परिषदेचा विषय, म्हणजे न्यूरल नेटवर्कच्या आधारे केलेले गुप्तलेखन, मला याच वाटेने उमगला. इडो कँटर, वोल्फगांग किन्झेल आणि सहकाऱ्यांनी 2002 साली दाखवले, की दोन न्यूरल नेटवर्क एकमेकांना केवळ आपली उत्तरे कळवत शिकत राहिली, तर दोन्हींचे आतले भार सारखे होतात. तीच गुप्त किल्ली. ती पाठवावीच लागत नाही. त्याच वर्षी क्लिमोव्ह, मित्यागिन आणि शमीर यांनी ही पद्धत फोडून दाखवली. आज तर हल्लेखोर नुसता ऐकत नाही. संदेश अडवतो, त्यात खोटे आकडे घुसडतो. तरीही नेटवर्क जुळलेली राहावीत आणि संकेत सुरक्षित पोचावा, यासाठी आपण झटता. इतका कठोर पूर्वपक्ष अंगावर घेणाऱ्या मंडळींच्या परिषदेला वाईच शोभते, असे मी अभिमानाने म्हणतो.

गाव लहान आहे, उणिवा राहिल्या आहेत. निवासाची सोय दोन मंगल कार्यालयांत आणि काही घरांत विभागावी लागली. गरम पाणी पहाटे साडेपाचपासून मिळेल, पण बादलीसाठी थोडे थांबावे लागेल. इंटरनेट सभागृहात चांगले आहे, निवासस्थानी तितके नाही. वीज गेल्यास जनरेटर सुरू व्हायला दोन-चार मिनिटे लागतील. या सगळ्याबद्दल क्षमा असावी.

हळदीच्या व्यापाऱ्यांनी खर्चाचा मोठा वाटा उचलला. कार्यालयांच्या मालकांनी भाडे घेतले नाही. महिला मंडळाने दोन्ही दिवसांचे जेवण अंगावर घेतले. एका निवृत्त शिक्षकांनी पेन्शनमधून देणगी दिली आणि नाव जाहीर न करण्याची अट घातली, ती पाळतो. या सर्वांचे ऋण मोठे आहे.

काही कमी पडले तर मनात ठेवू नका, पिवळी फीत लावलेल्या स्वयंसेवकांना हक्काने सांगा. उद्या दुपारी चारला नाना फडणविसांचा वाडा पाहण्यासाठी मेणवलीला बस निघेल. येणाऱ्यांनी आज संध्याकाळपर्यंत नावे नोंदवावीत, ही विनंती.