देवळामागचे कुंड
(कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. तालुका कचेरीतला कारकून, शिक्षण एस.एस.सी. देवाविषयी बोलायला बुवा समर्थ आहेत. मी देवळामागच्या कुंडाविषयी बोलतो.

२ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ज्या सिद्धगडावर हुतात्मे झाले, त्याच्या पाठीमागच्या सह्याद्रीच्या धारेवर पावसाचे नशीब ठरते. पलीकडे पडलेला थेंब भीमेच्या खोऱ्यात जातो, कृष्णेला मिळतो आणि बंगालच्या उपसागरात पोचतो. अलीकडचा थेंब आपल्या ओढ्याने, उल्हास नदीच्या वाटेने वसईच्या खाडीत उतरतो. हातभर अंतराने दोन समुद्र!

वाटेत हे पाणी किती जीव पोसते! मृगात वलगणीचे मासे ओढ्यातून खाचरात चढतात, ते आपल्या कालवणासाठी नव्हे, अंडी घालायला. खाचराचे पाणी उथळ, पिलांना शेवाळ आणि किडे आयते. कंदील घेऊन गाभोळीचे मासे मीही धरले आहेत, तेव्हा पहिला दोषी मीच. अहीर मासा याच्या उलट. तो जन्मतो समुद्रात, दोऱ्याएवढा असताना नदीने वर येतो, वर्षानुवर्षे गोड्या पाण्यात राहतो आणि अंडी घालायला पुन्हा समुद्र गाठतो. वाटेत धरणाची भिंत आली की त्याचा मार्ग खुंटतो.

रानातला कुजलेला पाला आणि गाळ पाणी खाली नेते. खाडीत तिवरांच्या मुळांशी त्यावर कोळंबीची, चिंबोरीची पिल्ले वाढतात. म्हणजे कोळ्याच्या जाळ्याला आपल्या डोंगराचाही हातभार आहे, हे त्याला ठाऊक नसेल आणि आपल्यालाही नव्हते.

दर उन्हाळ्यात टँकरच्या फायली माझ्या टेबलावरून जातात. शहापूर तालुक्यातल्या भातसा, तानसाचे पाणी मुंबई पिते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. आपल्या वाडीला अजून टँकर लागला नाही, तो या कुंडामुळे.

आता मुद्द्याचे. कुंडाच्या तळाला फरशी बसवावी असा ठराव आहे. देणगीदारांनी मन मोठे केले, त्यांचा मान राखूनच सांगतो. झरा तळातून येतो. सिमेंटने तळ बुजवला तर तो येणार कोठून? एका गावी, नाव घेत नाही, असेच झाले. पुढे कुंड निव्वळ पावसावर राहिले, होळीला कोरडे पडू लागले. बेडूक गेले, मुरी मासे गेले, पाखरेही येईनात. तीच फरशी आपण पायऱ्यांना आणि सभोवारच्या ओट्याला बसवू. देणगीदारांचे नाव पहिल्या पायरीवर कोरू, पाणी भरणारी प्रत्येक बाई ते वाचील. वरच्या अंगाचा उंबर मात्र गाड्या लावण्याच्या जागेसाठी तोडू नका.

ठराव आज रात्री कमिटीपुढे यायचा आहे. मी कमिटीवर नाही, म्हणून येथे बोललो. महाप्रसादाला उशीर होतो आहे, थांबतो. जय हिंद, जय महाराष्ट्र!