अर्धवट काम ठेवायचं कुठे?

(गंगापूर रोड, नाशिक येथे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



तुमच्यापैकी बहुतेकांचा फायनल इयरचा प्रोजेक्ट वेब ॲप असणार. लिंक पाठवली की झालं. बग सर्व्हरवर एकदा काढला की सगळ्यांचाच गेला. माझी नोकरीही याच कामाची आहे. तरी उद्या भद्रकालीतल्या दुकानदारासाठी किंवा मालेगावच्या लूमवाल्यासाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करायला घ्याल, तेव्हा आधी एक विचारा: नेट गेलं तर अर्धवट भरलेलं काम कुठे राहणार?

जीएसटी 1 जुलै 2017 ला लागू झाला. पोर्टल वेबवर, पण सोबत ऑफलाइन टूलही आहे. ते उघडून बघाच. इन्स्टॉल विंडोजवर होतं, उघडल्यावर मात्र ब्राउझरचंच पान दिसतं आणि पत्ता असतो लोकलहोस्टचा. म्हणजे पान वेबचं, सर्व्हर तुमच्याच मशीनमध्ये. एक्सेलमधली बिलं त्यात घ्यायची, चुका तिथेच तपासायच्या, तयार झालेली जेसॉन फाइल पोर्टलवर चढवायची. शेवटच्या तारखेला पोर्टल रेंगाळलं तरी बिलं पुन्हा टाइप करावी लागत नाहीत.

दुसरा रस्ता इलेक्ट्रॉनचा. 2013 मध्ये गिटहबच्या ॲटम एडिटरसाठी तो सुरू झाला. तुमचा व्हीएस कोड त्यावरच चालतो. जावास्क्रिप्ट येत असेल तर डेस्कटॉप ॲप जमतं. पण असं प्रत्येक ॲप स्वतःचं क्रोमियम सोबत आणतं. चार जीबी रॅमच्या मशीनवर तीन उघडा, मशीन अडकायला लागेल. (दुकानात तसलीच मशीन असते, हे कॉलेजच्या लॅबमध्ये लक्षात येत नाही.)

मशीनमधला डेटा सुरक्षित असतो असंही नाही. हार्ड डिस्क गेली की हिशेब गेला. सायबर कॅफेतल्या मशीनवर तर दुसऱ्यांचे आकडे पडून राहतात. तिथे मी वेबच निवडीन.

दुकानासाठी मात्र माझी मांडणी अशी: नोंद आधी मशीनवरच्या एसक्यूलाइटमध्ये, नेट आलं की सर्व्हरवर प्रत. यात खरी अडचण बिल नंबरची. नेट नसताना दोन काउंटरवर 101 नंबरचं बिल फाटलं तर? जीएसटीच्या नियमात आर्थिक वर्षात एक नंबर एकदाच चालतो, पण मालिका एकापेक्षा जास्त ठेवता येतात. प्रत्येक काउंटरला वेगळी मालिका द्या. आणि रद्द बिलाचं काय करतात, ते कोड लिहिण्याआधी गल्ल्यावर बसणाऱ्याला विचारा.