एका चुकलेल्या अक्षराची गाणी

मी जयपूरच्या गोपालपुरा भागात राहतो. बायपासवर जिकडं बघावं तिकडं कोचिंग क्लासचे फलक. त्यातल्याच एका क्लासात मी फिजिक्स शिकवतो. आज बोलणार आहे मात्र गाण्यांबद्दल.

1950 नंतरची गोष्ट. अमेरिकेत ली जेकब्स नावाच्या विज्ञानकथांच्या चाहत्यानं लेख लिहिला: आधुनिक लोकसंगीतावर विज्ञानकथांचा प्रभाव. टाईप करताना 'फोक'चं झालं 'फिल्क'. इंग्रजी कीबोर्डवर 'आय' आणि 'ओ' शेजारीशेजारीच असतात ना! लेखात चावट गाण्यांची चर्चा होती, टपालाच्या कायद्यात अडकायला नको म्हणून संपादकांनी तो छापलाच नाही. लेख राहिला बाजूला, चूक मात्र गाजली. 1953 मध्ये कॅरेन अँडरसन यांनी आपल्या हौशी पत्रिकेत पोल अँडरसन यांचं गाणं 'फिल्क साँग' म्हणून छापलं. संमेलनांत रात्री खोल्यांमध्ये बसून ही मंडळी गायची, त्या गाण्यांना नाव मिळालं.

चाल ओळखीची, शब्द अवकाशयानांचे. आपल्याला यात नवल नाही. अत्र्यांची 'झेंडूची फुले' घराघरात होती. 1974 मध्ये नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! पण ती वाचून कुणी गाणं रचल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मला भावला तो फिल्कवाल्यांचा एक नियम. सगळे गोल बसतात. आपली पाळी आली की गायचं, नाहीतर दुसऱ्याला गायला सांगायचं, नाहीतर नुसतं 'पुढे' म्हणायचं. आवाज चांगला हवा, अशी अट नाही.

आमच्या गच्चीवर रविवारी रात्री मी पोरांना असं बसवायला लागलो. मराठवाड्यातला एक मुलगा होता. टेस्टचे मार्क घसरत चालले होते, मेसमध्येही एकटाच जेवायचा. तीन रविवार तो 'पुढे' म्हणाला. चौथ्या रविवारी त्यानं आजीच्या जात्यावरच्या ओवीची चाल धरली आणि व्हॉयेजर यानावर गायला. 1977 साली घर सोडलंय, अजून लांबच चाललंय, असं काहीतरी. सूर पार हुकला होता. राजस्थानी पोरांना शब्द कळले नाहीत, तरी ती टाळी धरून बसली.

जिना उतरताना त्यानं विचारलं, "सर, पुढच्या रविवारी आहे ना?"